आईला सांगितलेली चित्रं

फेब्रुवारी संपता संपता लातूरच्या आमच्या गल्लीत परीक्षा येते. ती आल्याचं कळायला कॅलेंडर लागत नाही. गच्चीगच्चीवर हातात पुस्तक घेऊन पुटपुटत फेऱ्या मारणारी पोरं दिसू लागतात. मेसचे डबे पोचवणारे दुचाकीवाले हॉर्न न वाजवता जातात. देवणीकडून, शिरूर अनंतपाळकडून आलेल्या आया पोरांसाठी खोली करून राहिलेल्या असतात, त्या दुपारी ओट्यावर बसून एकमेकींना कुठल्या पेपरच्या आधी किती सुट्टी आहे ते सांगतात. आणि समोरचा कडुनिंब मोहरतो. यंदा माझी लेक प्रज्ञा बारावीला आहे, त्यामुळे आमच्या घरात मोठ्यानं शिंकायचीसुद्धा चोरी झाली आहे.

या दिवसांत सगळ्यांना आपापली दहावी-बारावी आठवते. मी शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना हेच चालतं: कुणाला पेपरच्या आदल्या दिवशी ताप भरला होता, कुणी घाईत बहिणीचं हॉलतिकीट नेलं होतं. मी ऐकते, हसते. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसावं असं त्यांना वाटतं. आहे, पण ते पोळीभाजी खाताना सांगण्यासारखं नाही. निंबाच्या मोहराचा वास आला की मला लाज वाटते. खंत, सल, हुरहुर असे जरा बरे दिसणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. ते मी लावून पाहिले. बसत नाहीत. ही लाजच आहे.

माझी दहावी नांदेडला झाली. नदीच्या अलीकडं एका वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा टेम्पो चालवायचे. अर्धापूरची केळी भरायची आणि बाजारात नेऊन टाकायची, त्यामुळे संध्याकाळी ते घरी नसायचेच. आई सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. आई आंधळी आहे. हा शब्द तिचाच. कुणी 'दृष्टिहीन' म्हटलं की ती म्हणते, "एवढा लंबा शब्द कामून? आंधळी म्हण ना. तुझा बी वेळ वाचंल."

देगलूरकडच्या एका खेड्यात चार वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि त्यात डोळे गेले. आजोबा भिंतीवरच्या तसबिरीकडं हात करून म्हणायचे, यांनी शिका म्हटलंय, डोळे असतील तरच शिका असं न्हाई म्हटलं. त्यांनी तिला अंधशाळेत घातलं. पुढं तिनं टेलिफोनचा कोर्स केला आणि नोकरीला लागली. कचेरीतल्या सगळ्या टेबलांचे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि कोणता साहेब किती वाजता टेबलावर नसतो हेही. पलीकडचा माणूस नुसता खाकरला तरी तो कुठल्या तालुक्याचा ते ती ओळखायची. एका पावसाळ्यात नदी वस्तीत शिरली तेव्हा ती सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बोर्डावरून उठली नाही. कुठल्या गावाचा रस्ता तुटला, कुणाला कुणाशी जोडून द्यायचं, सगळं तिच्या डोक्यात होतं. बाबा डबा घेऊन गेले तर म्हणाली, "ठेवा तिकडं. लाईनवर गाव हाय."

गल्लीतल्या बायका मात्र म्हणायच्या, "बरं झालं बाई, बसून काम हाय." त्यात वाईट बोलायचा कुणाचा हेतू नसायचा. सरकारनं मेहरबानी केली आणि गयाबाईला, म्हणजे माझ्या आईला, एका खुर्चीवर बसवलं, असं त्यांना खरोखरच वाटायचं. आई त्यांना कधी काही सांगायला गेली नाही. मीही नाही.

घरात आमचा टीव्ही होता आणि आईला टीव्ही फार आवडायचा. आवाज तिला कळायचा, चित्र मी सांगायचं. हे काम माझ्याकडं कधी आलं ते आठवत नाही, बहुतेक बोलता यायला लागल्यापासूनच. पडद्यावर नुसतं संगीत वाजत राहिलं किंवा बोलता बोलता सगळे गप्प झाले की आई माझ्या गुडघ्यावर दोनदा बोट वाजवायची. म्हणजे सांग. मग मी सांगायचे: हिरो चिठ्ठी वाचून राहिला, सासू दारामागं उभी हाय, पोरगी रडत रडत हसून राहिली. मला त्यात मोठी ऐट वाटायची. पाठ केलेल्या कवितेतली एक ओळ मी गाळली तर आई लगेच धरायची, पण चित्रात तिला माझ्यावरच भरवसा ठेवावा लागायचा. तिथं दुसरा साक्षीदार नव्हता.

त्या वर्षी एक घरगुती विनोदी मालिका सुरू झाली. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतील, अगं ती तर किती मजेदार होती. होतीच मजेदार, तेच तर सांगायचं आहे. एका मोठ्या कुटुंबातली मधली सून म्हणजे रत्नाकाकू. ती आंधळी, दोन मुलांची आई, आणि नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. पहिल्या भागात हे एवढं संवादातच कळलं आणि आई भिंतीची टेकण सोडून सरळ बसली.

"आंधळी बाई नोकरी करती असं दाखवून राहिले? खरंच?"

"हाव," मी म्हणाले.

"अन् फोनवर? माझ्यावानी?"

"हाव गं आई, ऐक की."

तिनं पदर सारखा केला. कुणी पाहुणं घरात आल्यावर करावा तसा. तेवढ्यात रत्नाकाकू काळा चष्मा लावून, दोन्ही हात पुढं करून खोलीत आली, खुंटीवरच्या कोटाला नवरा समजून त्याच्याशी लाडीक बोलली आणि वळून थेट कपाटाला धडकली. टीव्हीतला हशा फुटला. मीही फुटले. ती बाई कामच तसं करायची. आईनं गुडघ्यावर दोनदा बोट वाजवलं.

मी म्हणाले, "मांजर दुधाच्या पातेल्यात पडलं."

पहिलं खोटं इतकं सहज निघालं की मला ते खोटं वाटलंही नाही. आईच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला विझवायचं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की मला ती मालिका बघायची होती, रोज, मनसोक्त हसत. आईला खरं सांगितलं असतं तर तिनं टीव्ही बंद केला असता.

चेष्टा सगळी चित्रात होती, संवाद साधेच असायचे. त्यामुळं माझं फावलं. रत्नाकाकूनं चहात मीठ घातलं की मी म्हणायचे, पाहुण्याच्या मिशीला साय लागली. साहेबाच्या बायकोचा फोन तिनं भलतीकडंच जोडला आणि साहेब डोकं धरून बसला की मी म्हणायचे, साहेबाची खुर्ची मोडली. शेजाऱ्याच्या पोराला आपलं समजून तिनं घास भरवला, तेव्हा मी तो घास त्याच्या हक्काचा करून टाकला: रत्नाकाकू शेजारच्या उपाशी लेकराला बी जेवू घालून राहिली. हळूहळू मला हात बसला. पडद्यावर एक रत्नाकाकू धडपडत होती आणि मी आईला दुसरीच सांगत होते. ती हुशार होती, चटपटीत होती, तिच्यावाचून ऑफिस अडायचं. खरं म्हणजे मी तिला आईचंच सगळं देऊन टाकलं होतं. आई गालात हसायची आणि म्हणायची, "बरोबर दावलंय बग. असंच असतंय."

दर भागाच्या शेवटी दोन मिनिटं रडायची असायची. साहेबानं नोकरीवरून काढलेली रत्नाकाकू घरी यायची, मुलाच्या गालावरून हात फिरवायची, मागं सनई वाजायची आणि मुलगा म्हणायचा, आई, तू जगातली सगळ्यात चांगली आई आहेस. साहेब दुसऱ्या दिवशी दया येऊन तिला परत घ्यायचा. तेवढा भाग मी जसाच्या तसा सांगायचे. आईला मात्र तोच पटायचा नाही. "एवढं रडून कामून राहिली ती? लेकराला भूक लागली असंल, आधी वाढ म्हणावं."

हे आता लिहिताना कळतं की त्या मालिकेत बाईला तीनच गोष्टी दिल्या होत्या. आंधळेपण हसण्यासाठी, नोकरी दयेची, आणि आईपण हसल्याचं पाप धुऊन टाकण्यासाठी. वीस मिनिटं हसा, दोन मिनिटं रडा, म्हणजे माणूस स्वतःला चांगला समजत झोपायला मोकळा. पंधराव्या वर्षी मला हे कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. शब्दांत कळत नव्हतं. पण कळत नसतं तर मी खोटं कशाला बोलले असते?

माझी आई घरात कधी हात पुढं करून चालली नाही. हात पुढं करून चालणारी आंधळी बाई मी फक्त टीव्हीत पाहिली आहे.

परीक्षेला महिना उरला असताना आई एक दिवस कचेरीतून आली ती खुशीत. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आज काय झालं म्हाईत हाय का? मला सगळे रत्नाकाकू म्हणून राहिले."

माझ्या हातातली वही तशीच राहिली. "कोण सगळे?"

"शिपाई म्हणला आधी. मग ते भाऊसाहेब. मग साहेब बी म्हणले, रत्नाकाकू, जरा लातूर जोडून द्या." ती हसत होती. "मी म्हटलं, देते की. रत्नाकाकू हाय म्हणल्यावर लागंलच लाईन."

कचेरीतल्या प्रत्येक घरात ती मालिका बघितली जात होती. त्यांनी कपाटाला धडकणारी बाई पाहिली होती, आणि त्यांनी ते नाव माझ्या आईला लावलं होतं. आईनं मात्र ते मी सांगितलेल्या बाईचं नाव म्हणून घेतलं. त्या क्षणी मी सांगू शकत होते. आई, ते नाव घेऊ नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "चांगलं हाय की." आणि वहीत तोंड घातलं. पुढं पुढं ती ओळखीच्या माणसांना फोनवरही सांगायची, "बोला, रत्नाकाकू बोलून राहिले." अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईचं गयाबाई हे नाव त्या कचेरीतून महिनाभरात गेलं. घालवलं त्यांनी, पण दार मी उघडून दिलं होतं.

गणिताच्या पेपराला आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमच्याकडं पेपरला लेकराबरोबर घरातलं कुणीतरी जातं, पाण्याची बाटली आणि दोन केळी घेऊन, आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर थांबतं. आत बसलेल्याला त्याचा काय उपयोग होतो हे कुणी विचारत नाही. आईनं सकाळी माझ्या हातावर दहीसाखर ठेवली, वेणी घातली. बाबांनी टेम्पोतून आम्हा दोघींना केंद्रावर सोडलं आणि ते अर्धापूरला गेले. आईनं माझा दंड कोपराच्या वर धरला होता, नेहमीसारखा. गेटशेजारी मोठा निंब होता, पूर्ण मोहरलेला. खाली आयाबापांची ही गर्दी.

त्या गर्दीत आईच्या कचेरीतले ते भाऊसाहेब होते. त्यांची वर्षा माझ्याच वर्गात होती. त्यांनी लांबूनच आवाज दिला, "या या, रत्नाकाकू. सांभाळून बरं का, पुढं झाड आहे." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढं केले, मान वर केली आणि दोन पावलं तशी चालून दाखवली. हुबेहूब. वर्षा हसली, तिच्याभोवतीच्या आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरी हसल्या.

आईला त्यांचे हात दिसले नाहीत. तिला फक्त नाव ऐकू आलं आणि हसू ऐकू आलं. ती आवाजाच्या दिशेनं वळली, तिचा चेहरा इतका उजळला होता की आजही तो मला नीट आठवतो. ती म्हणाली, "हाव, मीच ती. अन् ही माझी लेक, सुजाता. हिनंच मला समदी सीरियल दावली, एकूण एक चित्र सांगती."

पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. वर्षाला एका क्षणात सगळं कळलं असावं असं मला वाटलं. मी त्या पोरींकडं पाहिलं आणि हसले. भाऊसाहेबांच्या त्या चालीला हसले, पोरींना दाखवायला, की मीही तुमच्यातलीच आहे. मग मी आईच्या मुठीतून दंड सोडवून घेतला. "उशीर होऊन राहिला," म्हणाले आणि त्या घोळक्याबरोबर आत गेले.

पेपर तीन तासांचा होता. बाहेर आले तेव्हा आई त्याच जागी उभी होती. आसपास पार होता, दोन बाक होते, बाकीचे आयाबाप कुठं कुठं बसलेले होते. पण बसायची जागा कुठं आहे हे तिला सांगणारी मी होते, आणि मी न सांगताच आत गेले होते. कुणाला हाक मारून विचारणं तिला कधीच आवडलं नाही. ऊन सरकत सरकत तिच्या तोंडावर आलं होतं. तिच्या केसांत, खांद्यावर निंबाची फुलं पडली होती. केळी तशीच हातात.

"कसा गेला?" तिनं विचारलं.

"बरा," मी म्हणाले. गणितात मला चांगले गुण मिळाले. लोकांना ते कौतुकानं सांगायला आईला पुढं बरेच दिवस पुरले.

त्यानंतर माझ्या हातून दुरुस्ती झाली नाही, उलट वाढतच गेलं. मालिकेच्या शेवटच्या भागात रत्नाकाकू राजीनामा देते. आईची खरी नोकरी घरातच असते, असं काहीतरी म्हणते आणि घरातले सगळे टाळ्या वाजवतात. हे मला वर्षाकडून कळलं, कारण आमच्याकडं नेमकी त्या वेळी लाईट गेली होती. मला केवढं हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आईला शेवट सांगितला: रत्नाकाकूला बढती मिळाली, ती आता हेड ऑपरेटर झाली. आईनं ते कचेरीत जाऊन सांगितलं. तिला कुणीच खोटं पाडलं नाही. त्यांना दया आली की जास्त मजा आली, हे मला अजून ठरवता येत नाही.

ती निवृत्त झाली त्या दिवशी मी लातूरहून नांदेडला गेले होते. तोवर बोर्ड जाऊन यंत्र आलं होतं, तिला आवक-जावकच्या टेबलाशेजारी नुसतं बसवून ठेवलं होतं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "आमच्या रत्नाकाकू आता आपल्याला सोडून चालल्या." हशा झाला. मालिका विसरलेले, मालिका कधी न पाहिलेले नवे लोकही हसले, कारण नाव आता नुसतंच हसायचं झालं होतं. पहिल्या रांगेत बसलेली आईही हसली. मी तिच्या शेजारी होते. मी टाळ्या वाजवल्या.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडं लातूरला आली. तिला इथलं घर पाठ व्हायला दोन दिवस लागले. आता प्रज्ञाचं सगळं वेळापत्रक तिच्या डोक्यात असतं. पोरगी पहाटे उठली नाही तर आजी उठवते, आणि पाठ म्हणताना एक ओळ गाळली तर आजीच धरते.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. भौतिकशास्त्राचा पेपर होऊन गेला होता, पुढच्याला दोन दिवस होते. दुपारी आई दिवाणावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती, प्रज्ञा तिच्या पायाशी मोबाइल घेऊन लोळत होती. मी स्वयंपाकघरात होते. जुन्या मालिकांचे तुकडे हल्ली मोबाइलवर फिरतात. प्रज्ञा खळखळून हसली आणि त्यामागोमाग मला ती सनई ऐकू आली.

आईचे हात थांबले. "ही रत्नाकाकू ना गं?"

"तुला म्हाईत आहे आजी?"

"म्हाईत म्हंजे? मला हापिसात रत्नाकाकूच म्हणायचे. तुझ्या मायनं समदी दावली मला. लई हुशार बाई." आईनं ताटली बाजूला सारली. "काय चालू हाय? सांग."

प्रज्ञानं भाबडेपणानं सुरुवात केली. "ती ना, अशी हात पुढं करून येती, अन् तिथं खुंटीला कोट असतो, तर ती त्याला..." आणि ती थांबली. मी दारात येऊन उभी राहिले होते. तिनं आजीकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आपण इतका वेळ कशाला हसत होतो ते तिला कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मग ती घाईघाईनं म्हणाली, "काही नाही आजी. दारातून कुत्रं आलं, कोट घेऊन पळालं."

आई हसली. "असं व्हय."

मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. तरी पोरगी अगदी माझ्यासारखंच, तितक्याच सहज, तितक्याच मायेनं खोटं बोलली होती. आता ती ते आयुष्यभर सांभाळणार, आणि माझ्यासारखीच स्वतःला समजावत राहणार की आपण आजीला जपलं. मी जाऊन दिवाणावर आईशेजारी बसले. म्हणाले, "आई, कुत्रं न्हाई आलं. तिनं खोटं सांगितलं. मी बी खोटंच सांगत होते."

मग मी सगळं सांगितलं. कोट, कपाट, चहातलं मीठ, भलत्याच जोडलेल्या लाईनी. शेवटचा राजीनामा. भाऊसाहेबांनी गेटपाशी पुढं केलेले हात. पडद्यावर जे जे होतं ते तसंच्या तसं, काही न घालता, काही न काढता. इतकी नीट चित्रं मी तिला आयुष्यात कधी सांगितली नव्हती. आई ऐकत होती. मधे एकदा तिनं चाचपून एक घाटा उचलला, सोलला, आणि दाणा तसाच बोटात धरून ठेवला. प्रज्ञा मान खाली घालून बसली होती.

माझं सांगून झाल्यावर आईनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "हापिसातल्या लोकाईचं जाऊ दे. ते कसं हसून राहिले ते मला तवाच कळायचं. माणसाच्या हसण्यात काय हाय ते मला कळतंय, जिंदगी गेली त्याच्यात. मला वाटायचं, ते जळून राहिले माझ्यावर. टीव्हीत एवढी भारी बाई दावली, तिचं नाव मला मिळालं म्हणून."

"आई..."

"तुझं हसणं मातर मोकळं असायचं. माझ्या शेजारी बसून लई हसायचीस. मला बरं वाटायचं, लेकरू अभ्यासाची फिकीर विसरून हसून राहिलं." ती माझ्याकडं वळली. "मांजर न्हवतं, साय न्हवती. मग तू कशाला हसायचीस?"

इथंही काहीतरी सांगता आलं असतं. लहान होते, कळत नव्हतं, बाकीचे हसायचे म्हणून. प्रज्ञा मान वर करून माझ्याकडं बघत होती.

"तिलाच," मी म्हणाले. "रत्नाकाकूलाच हसायचे."

"बरं," आई म्हणाली. हातातला दाणा तिनं वाटीत टाकला आणि पुन्हा सोलायला घेतलं.

ती रागावली नाही, रडली नाही, जेवायची थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच प्रज्ञाला उठवलं. घरात सगळं पूर्वीसारखं आहे, फक्त संध्याकाळी टीव्ही लागतो तेव्हा आई शेजारी बसून गप्प ऐकते. संगीत वाजत राहतं, पडद्यावरचे सगळे एकदम हसतात, कुणी न बोलता दार लावून निघून जातं. ती विचारत नाही. परवा असंच काहीतरी चाललं होतं, बराच वेळ कुणी बोलत नव्हतं, मला राहवेना. मी तिच्याकडं सरकून म्हणाले, "आई, तो आता गाडीतून उतरला, अन् तिच्या घराकडं बघून राहिला."

"राहू दे," आई म्हणाली. "मला ऐकू येतंय."